हिरडीदान

गुणाकर लांजेवारांचे दात चोपन्नाव्या वर्षी वाढायला लागले.

निदान त्यांची समजूत तशी झाली. मुलीच्या सासरी काढलेल्या फोटोत सगळे हसत होते, आणि गुणाकररावांचे खालचे पुढचे दोन दात त्या हसण्याच्याही पुढे निघून गेले होते. आशालताबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला आणि म्हणाल्या, "अवो, हे तुमचे दात असे घोड्यावानी काहून दिसून राह्यले?"

गुणाकरराव बालाघाटच्या कलेक्टोरेटमध्ये बडे बाबू. त्यांच्या टेबलावरून पुढे सरकायला कागदालासुद्धा भीती वाटते. अशा माणसाला घरात घोडा म्हणावं आणि त्याने ऐकून घ्यावं, याला संसार म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं. पण रात्री जेवताना गार पाणी प्यायले आणि खालच्या दातांतून कळ निघाली ती थेट टाळक्यात. मग मात्र आरसा हातात घ्यावाच लागला.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. दातांच्या बाबतीत त्यांच्याइतका धर्मनिष्ठ माणूस आख्ख्या मोहल्ल्यात नव्हता. सकाळ-रात्र, कडक ब्रशने, ते असे घासत की शेजारच्या दुलीचंदजींना वाटे, लांजेवारांकडे आज पितळेची भांडी निघाली. त्यांचा ब्रश महिन्याभरात झाडूसारखा फुलून जाई. तंबाखू नाही, गुडाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. आणि ज्यांनी जन्मात ब्रश पाहिला नाही ते खर्रा चघळत, पिचकाऱ्या मारत गावभर मजेत फिरत होते. देवाच्या दफ्तरातला बाबू कागद नीट वाचत नसावा, अशी गुणाकररावांना शंका आली. बाबू लोकांचं त्यांना आतून माहीत होतं.

काली पुतली चौकाजवळ श्रिया नावाच्या पोरीने नुकताच दातांचा दवाखाना थाटला होता. तिने खुर्ची आडवी केली, आत पाहिलं आणि विचारलं, "अंकल, ब्रश कशाने करता? लोखंडी सब्बलने?"

"दोन वेळा करतो," गुणाकरराव अभिमानाने म्हणाले.

"इतनी ताकत से तो कोई कढ़ाई भी नहीं मांजता. दात नाही वाढले तुमचे. हिरड्या खाली सरकल्यात. घासून घासून तुम्हीच घालवल्यात. आता मूळ उघडं पडलंय."

सद्गुणाची ही अशी शिक्षा! गुणाकररावांचा चेहरा पडला. श्रिया पुढे बोलत होती, "तिथे मांसाचा छोटा तुकडा बसवावा लागेल, टाके घालून. घाबरायचं काम नाही..."

'मांसाचा तुकडा' ऐकलं आणि गुणाकरराव उठले. ते घाबरले होते. पण तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक कला कमावली होती. साहेब काय बोलतोय ते कळेनासं झालं की 'हो हो, झालं समजा' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. ती कला त्यांनी इथेही वापरली. तुकडा कुठून आणायचा हे विचारलंच नाही. हा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं रामायण झालं नसतं. पण प्रश्न विचारतो तो बाबू कसला? बाबू अडचण काढतो.

घरी आले तर कंपाउंडच्या भिंतीवर दुलीचंदजींची हनुवटी ठेवलेलीच होती. दुलीचंदजी म्हणजे पटवारी म्हणून रिटायर झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्याची शेतं मोजली, आता दुसऱ्याची दुखणी मोजतात.

"मांस लगेगा? लांजेवारजी, ये तो ट्रांसप्लांट हुआ."

"छोटासा तुकडा म्हणाली."

"किडनी भी छोटी ही होती है. मेरे साढू को लगी थी न नागपुर में. घरवालों की ही मैच होती है. बाहर का लगाओगे तो शरीर फेंक देता है."

"हिरडीपण फेकते?"

"मसूड़ा तो सीधा थूक देगा," दुलीचंदजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात नेहमीच एवढी खात्री असे की नदीलासुद्धा आपण उलटी वाहतो की काय असं वाटावं. गुणाकररावांना पटलं. आशालताबाईंना तर त्यांच्याही आधी पटलं, आणि त्यांनी 'लांजेवार परिवार' या ग्रुपवर टाकलं: 'यांच्या हिरडीचं ऑपरेशन आहे. रक्ताच्या नात्यातल्या कोणाची तरी हिरडी लागते. छोटासाच तुकडा. कळवावे.'

या ग्रुपवर रोज सकाळी सूर्य, गुलाब आणि त्याग या विषयांवर किमान चाळीस सुविचार येत. 'रक्ताची नाती तुटत नसतात' हा तर कालच आला होता, समईच्या चित्रासकट. तो ग्रुप दुपारपर्यंत मेल्यासारखा पडून राहिला. मग एकेकाने हात जोडल्याची चित्रं पाठवली. नंतर फोन सुरू झाले.

गोंदियाची धाकटी बहीण ललिता रडत म्हणाली, "दादा, मी एका पायावर दिली असती. पन तिसऱ्या बाळंतपनापासून माह्या हिरड्यांत जीवच नाही." हिरड्यांचा आणि बाळंतपणाचा संबंध त्यांना समजला नाही; पण बाळंतपणाचं नाव निघालं की पुरुषाने वाद घालायचा नसतो. तिचा नवरा गजेंद्र म्हणाला, "दादाजी, मले पायरिया हाये. जुना. आतल्या आत हाये म्हनून दिसत नाई." याच गजेंद्रने संक्रांतीला याच अंगणात उसाचं आख्खं कांडं दाताने सोलून खाल्लं होतं. पुण्याचा सख्खा मुलगा केदार म्हणाला, "बाबा, मी दिली असती, पण माझे दात सरळ करायचं चालू आहे, वर्षभर हात लावता येत नाही," आणि सोबत त्याने पुण्यातल्या तीन चांगल्या दवाखान्यांचे पत्ते पाठवले. पोरगा आहे, पत्ता तरी पाठवला.

आठवडा संपायच्या आत लांजेवार खानदानातल्या यच्चयावत हिरड्या निकामी निघाल्या. एवढी रोगट तोंडं घेऊन ही माणसं प्रत्येक लग्नात पंगतीला पहिली कशी बसतात, असं विचारायची गुणाकररावांना फार इच्छा झाली. पण ते नुसतेच दिवाणावर पडून राहिले. दाताच्या दुखण्यापेक्षा हे दुखणं खोल होतं.

एक माणूस ग्रुपमध्ये नव्हता. त्याला त्यांनी स्वतःच काढून टाकलं होतं. सख्खा धाकटा भाऊ, महागू. राहणार राजेगाव, गोंदिया रोडवर, जिथे मध्य प्रदेश संपायला येतो आणि खर्रा सुरू होतो. म्हणजे तसा खर्रा इकडेही आहेच. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळव्याने घोट-घोट घोटायचा आणि गालात भरायचा. पण महागूने त्या कामात नाव काढलं होतं. गुणाकररावांच्या मुलीच्या, मंजूच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत त्याला पिचकारी अनावर झाली, आणि ती नवरदेवाच्या बापाच्या पांढऱ्या बुटावर गेली. गुणाकरराव मांडवभर ओरडले होते, "जनावर हायेस तू! पुन्हा मले तोंड दाखवू नको!" महागूने तीन वर्षं ते इमानदारीने पाळलं.

पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी दारात मोटरसायकल थांबली. मागे शेवंताबाई, पुढे महागू.

"दादा," महागू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "तू म्हनला होता तोंड दाखवू नको. पन आता तं दाखवाच लागन. माही हिरडी घे."

त्याने तोंड उघडलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. ते फार उघडलं नाही. आत सगळं कत्थ्याच्या रंगाचं.

शेवंताबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी त्या कधी सरळ बोलल्या नव्हत्या. बोलायचं ते जावेच्या नावाने, आणि ऐकणाऱ्याने ऐकायचं. "सांगा जी बाई," त्या भिंतीला म्हणाल्या, "ललिताताईचा फोन आलता. दादाले हिरडी पाह्यजे अन् आमच्या कोनाचीच चालत नाई म्हने. हे तसेच उठले. जेवले बी नाई."

गुणाकरराव बडे बाबू नसते तर तिथेच रडले असते. ते नुसतंच "चहा ठेवा" म्हणाले.

संध्याकाळी भावाला घेऊन ते श्रियाकडे गेले. "हा माझा धाकटा भाऊ. याची जुळते का बघा."

"काय जुळते का?"

"हिरडी."

श्रियाला आधी कळेना. कळलं तेव्हा ती टेबलाला धरून हसायला लागली. हसत हसतच तिने महागूला खुर्चीवर घेतलं, "दाखवा काका, आलाच आहात तर," म्हणाली आणि दिवा वळवला. आणि तिचं हसणं बंद झालं. तिने महागूला त्याचीच बोटं दातांमध्ये उभी घालायला सांगितली. दोन बोटंसुद्धा गेली नाहीत. गालाच्या आत पांढरे चट्टे होते.

"काका, खर्रा आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून. नाहीतर हे तोंड मिटत जाईल, आणि हे चट्टे चांगले नाहीत. कळतंय का मी काय सांगते?"

"हौ," महागू म्हणाला. हा 'हौ' तो वीस वर्षांपासून म्हणत होता. शेवंताबाईंना, पोरीला, गावच्या नर्सबाईंना. या 'हौ'वर त्याने किती खर्रे पचवले याला हिशेब नाही. तो बाहेर जाऊन बसला.

श्रियाने दार लोटलं. "अंकल, तुकडा तुमच्याच टाळूचा घ्यायचा असतो. वरच्या टाळूचा पातळ पापुद्रा. मी सांगतच होते, तुम्ही उठून गेलात. कोणाची हिरडी लागत नाही."

म्हणजे जी वस्तू गुणाकरराव आठवडाभर सगळ्या नात्यागोत्यात भीक मागितल्यासारखी मागत होते, ती त्यांच्याच तोंडात, जिभेच्या वर, वीतभरही दूर नव्हती! माणसाची अब्रू जायला यापेक्षा स्वस्त रस्ता नसेल. त्यांना दुलीचंदजींची हनुवटी आठवली आणि हात शिवशिवले.

"पण तुमच्या भावाचं मला खरंच चांगलं वाटत नाही," श्रिया म्हणाली. "तुमचं ऑपरेशन सहा महिन्यांनी झालं तरी चालेल. त्यांचं नाही चालणार."

लांजीच्या आतेभावाचा गाल गुणाकररावांनी पाहिला होता. शेवटी शेवटी तो नळीने पाणी प्यायचा. त्याच्या हातची नांगरट तिकडे सगळ्यात सरळ असे. गुणाकरराव बाहेर आले. महागू बाकावर बसून, सवयीने, रिकामाच तळवा घोटत होता.

"काय म्हनते दादा? जमते का माही?"

शासनाची तीस वर्षं सेवा केलेला माणूस खोटं बोलताना अडखळत नाही. पण गुणाकरराव अडखळले.

"जमते," ते म्हणाले. "एकदम जमते. पन साफ पाह्यजे म्हनते. दसऱ्यानंतर ऑपरेशन. तवरीक खर्रा बंद पाह्यजे. एक बी खाल्ला तं हिरडी वाया."

महागूने खिशातून पुडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली. "मंग नाई खात," तो म्हणाला.

आता तो राजेगावला गेला तर दर पावलावर पानठेला. म्हणून त्याचा मुक्काम बालाघाटलाच ठरला. आणि घरात एक बिनखर्ऱ्याचा खर्रेबाज काय करू शकतो ते लांजेवारांना समजलं. पहिल्या दिवशी त्याने बडीशेप संपवली, मग लवंगा, मग आशालताबाईंचा ज्येष्ठमध. मग पेन्सिली. मग गुणाकररावांनी ऑफिसातून आणलेल्या फायलीची लाल दोरी एका टोकाकडून ओली आणि बारीक व्हायला लागली. टीव्हीवर बातम्या लागल्या की तो बातम्या देणाऱ्याला शिव्या द्यायचा, बंद केला की बंद करणाऱ्याला. रात्री उठून तो रिकामे डबे हुंगायचा. एकदा आशालताबाईंनी भाजीत मीठ कमी घातलं तर तो ताटावरून उठून अंगणात गेला आणि तुळशीशी भांडला.

शेवटी आशालताबाईंनीच युक्ती काढली. खोबऱ्याचा कीस, बडीशेप, ओवा, थोडं लिंबू; हे पन्नीत घालून त्याच्या हातात दिलं. "घोटा." तळवे चालू लागले तसा महागू शांत झाला. चव शून्य, पण घोटण्यात निम्मा खर्रा असतो. दुपारी भिंतीवरची हनुवटी म्हणाली, "क्या घोट रहे हो महागूजी?" आणि त्या दिवसापासून दुलीचंदजीही रोज दुपारी चिमूटभर न्यायला येऊ लागले. त्यांच्या मते त्यात काहीतरी आयुर्वेदिक होतं.

श्रियाकडे महागूच्या फेऱ्या चालूच होत्या. तिने त्याला गालातली सुई दिली, औषधं दिली आणि कुल्फीच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगितलं, थोडी थोडी वाढवत. गुणाकररावांनी तिला आधीच गाठलं होतं. "मी खोटं नाही बोलणार, अंकल," ती म्हणाली होती. "तुम्ही फक्त गप्प बसा," गुणाकरराव म्हणाले. "त्यांनी विचारलं तर सांगेन," ती म्हणाली. महागूने विचारलं नाही. घरात कुल्फीचा खप वाढला. आशालताबाईंचं वजनही.

हे सगळं चार भिंतींत राहिलं असतं तर बरं होतं. पण राजेगावच्या लोकांना गणपतीत सत्कार करायला दरवर्षी कोणीतरी लागतं. मंडपात माइकवर घोषणा झाली, 'भावासाठी हिरडीदान करणारे आपल्या गावचे सुपुत्र', आणि महागूला शाल आणि नारळ मिळाला. ज्या पानठेलेवाल्या पुनारामकडे त्याचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं, त्यानेच उठून हार घातला. दुसऱ्या दिवशी एका हिंदी पेपरात फोटो: 'बड़े भाई के लिए छोटा भाई देगा मसूड़ा.' फोटोत महागू तोंड मिटून हसत होता. बाजूला गुणाकरराव असे उभे होते, जणू वरून चौकशी लागली आहे.

आणि लागलीच. गजेंद्रचा फोन आला, "माही बी तयारीच होती दादाजी, पन महागूभाऊनं नंबर लावला." ललिताचा आला, केदारचा आला. ग्रुपवर त्यागाचे सुविचार दुप्पट झाले, आणि आता त्यांच्यासोबत महागूचा फोटो. ऑफिसात साहेबांनी बोलावलं. गुणाकररावांनी सुट्टीचा अर्ज दिला होता.

"अंगदान की छुट्टी दाता को मिलती है, लेने वाले को नहीं," साहेब म्हणाले.

"सर, दाता सरकारी नोकर नहीं है."

"तो फिर छुट्टी किसी को नहीं मिलेगी."

या उत्तरातली सफाई गुणाकररावांना नाइलाजाने आवडली. असं उत्तर त्यांनीही अनेकांना दिलं होतं.

त्यापेक्षा वाईट म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातला एक माणूस थेट घरी आला. ओसरीवरच्या खुर्चीत बसताबसताच त्याने विचारलं, "मसूड़ा दान किसके आदेश से हो रहा है? कमेटी की परमिशन है?" किसके आदेश से! हा गुणाकररावांचा स्वतःचा प्रश्न होता. या एका प्रश्नावर त्यांनी विधवांना, म्हाताऱ्यांना, सरपंचांना सहा सहा महिने खेटे घालायला लावले होते. तो प्रश्न स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या खुर्चीत बसून कोणी विचारला तर कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदा कळलं. वाईट वाटतं.

"मसूड़ा अंग में आता है कि नहीं, ये ऊपर पूछना पड़ेगा," तो माणूस म्हणाला. "तब तक ऑपरेशन रोकना पड़ेगा."

आत महागू काड्या दातांत धरून बसला होता. गुणाकररावांनी त्या माणसाला हाताला धरून गेटबाहेर नेलं आणि कानात सगळं खरं सांगितलं. टाळू, चट्टे, खर्रा, सगळं. तो ऐकत राहिला. त्याच्याही गालात गुटख्याचा गोळा होता. ऐकता ऐकता गालाची हालचाल थांबली. मग तो नालीकडे गेला, थुंकला, बराच वेळ थुंकत राहिला, आणि म्हणाला, "मैं यहाँ आया ही नहीं था." सरकारी माणसाकडून इतकं स्वच्छ काम गुणाकररावांनी क्वचितच पाहिलं होतं.

पण त्या संध्याकाळी ते डळमळले. खोट्याचं इतकं मोठं मंदिर बांधून त्यात स्वतःलाच घंटा वाजवत बसावं लागत होतं. गावाने शाल दिली, पेपरात आलं, उद्या कळलं की हिरडी लागतच नव्हती, तर तोंड कुठे लपवायचं? हिरडीसकट? त्यांनी ठरवलं, आज सांगून टाकायचं. ते महागूच्या खोलीकडे निघाले तर ओसरीवर शेवंताबाई. भेटायला आल्या होत्या. पदर पुढे ओढलेला. पण या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

"भाऊजी," त्या सरळ त्यांनाच म्हणाल्या, आणि गुणाकररावांना कळेना कुठे पाहावं. "वीस वर्सं मी रडून पाह्यलं, भांडून पाह्यलं, माहेरी जाऊन बसून पाह्यलं. पोरीची शप्पत घातली. नाई सुटला. अन् तुमच्यासाठी सुटला. देवानं तुमाले हे दुखनं देल्लं, वाईट नका वाटून घेऊ, पन बरं केलं त्यानं."

गुणाकरराव जिथून आले तिथे परत गेले. महागूने पुन्हा खर्रा धरला तर तो आपल्या तोंडून निघालेल्या एका खऱ्या वाक्यामुळे धरेल, हे त्यांना स्वच्छ दिसलं. खरं बोलण्याला ते आयुष्यात पहिल्यांदाच एवढे भ्याले.

दसरा झाला. ऑपरेशनच्या सकाळी शेवंताबाईंनी दोघा भावांना ओवाळलं. महागूने आंघोळ करून नवा सदरा घातला होता, खांद्यावर सत्काराची शाल. दवाखान्याबाहेर दुलीचंदजी आणि राजेगावची चार माणसं. गुणाकरराव आत गेले. टोचलं, बधिर झालं, टाळूचा पापुद्रा निघाला, खालच्या दातांवर बसला, टाके पडले. दुखण्यापेक्षा त्या बारीक सुईचा आवाज येत नाही याचीच जास्त भीती वाटली. मग महागूला आत बोलावलं. त्याच्या गालात त्याची नेहमीची सुई. दोघे बाहेर आले, दोघांची तोंडं सुजलेली, आणि राजेगावच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

श्रियाने बजावलं होतं: दोन आठवडे खालचा ओठ ओढायचा नाही, कमी बोलायचं, आणि हसायचं तर अजिबात नाही. गुणाकरराव म्हणाले, हसण्याची चिंता करू नका, मी शासकीय नोकर आहे.

दुपारी ते दिवाणावर पडले होते. महागू उशाशी बसून त्यांना चमच्याने आईस्क्रीम भरवत होता. घर झोपलं होतं. आता सांगायला हवं होतं, आणि आता तोंड उघडता येत नव्हतं. गुणाकररावांनी भावाचा हात धरला, आपल्या टाळूकडे बोट दाखवलं, मग महागूच्या हिरडीकडे बोट दाखवून हात हलवला. नाही, नाही, तुझी नाही. डोळ्यांत पाणी.

महागूने चमचा वाटीत ठेवला.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

गुणाकररावांचे डोळे वाटीएवढे झाले.

"पयल्या दिवसापासून मालूम हाये. माही पोरगी मयुरी नर्सिंग शिकून राह्यली का नाई गोंदियाले? तिनं मोबाइलवर सारा वीडियो दाखवला, मी मोटरसायकल काढ्याच्या आधी. म्हने बाबा, काकाचीच टाळू लागते, तुमची कोन घेते? म्या म्हनलं चूप बस. तुह्या काकाच्या घरी जायले तीन वर्सांत पयल्यांदा कारन भेटलं, ते तू खराब नको करू."

गुणाकरराव काहीतरी बोलायला गेले. महागूने त्यांच्या ओठांसमोर बोट धरलं. थोरल्या भावाला गप्प करायची संधी त्याला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती आणि तो ती सोडणार नव्हता.

"अन् खर्रा म्हनशीन तं, ते त्या पोरीसाठी सोडला. डॉक्टरनीसाठी. हासत होती ना बे ती, केवढी हासत होती. अन् माह्या तोंडात पाह्यलं अन् गप झाली. तवाच समजलं मले. पन जिवाच्या भेवानं सोडला म्हनलं असतं तं पुनाराम ठेल्यावर बसून वर्सभर हासला असता. हिरडीसाठी सोडला म्हनलं, तं त्यानंच हार घातला. शाल भेटली."

मग त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून पुडी काढली. तीच, पोळ्यानंतरची. पन्नी चुरगळून मऊ झालेली, आतला खर्रा वाळून दगड. इतके दिवस ती त्याच्या छातीवर होती. त्याने ती गुणाकररावांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली.

"हिरडी तं तू घेतली नाई माही. हे तरी घे."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "जाग रहे हो?" आणि दुलीचंदजी हातात टॉर्च घेऊन हजर. त्यांना गुणाकररावांशी काही देणंघेणं नव्हतं. ते थेट महागूकडे गेले. "महागूजी, जरा निशान दिखाओ. कहाँ से निकाला?"

महागूने गुणाकररावांकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. चांगलं उघडलं, पोळ्याला जेवढं उघडत होतं त्यापेक्षा बोटभर जास्त. दुलीचंदजींनी आत टॉर्च मारली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वाकले, चष्मा वर केला, आणि जमीन मोजून झाल्यावर पटवारी ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाले,

"हाँ हाँ. ये रहा. पूरा गड्ढा है. बहुत सफाई से निकाला है लड़की ने."

गुणाकररावांनी खालचा ओठ दोन्ही हातांनी धरला. पण ते हसू पोटातून आलं, तीन वर्षांचं साठलेलं, आणि ते ओठाच्या मालकीचं नव्हतंच.

संध्याकाळी दोघे भाऊ पुन्हा श्रियाच्या दारात. एक टाका तुटला होता. ती संतापली. "मी सांगितलं होतं ना हसायचं नाही! कोणी हसवलं?" गुणाकररावांनी मुकाट्याने महागूकडे बोट दाखवलं. तिने दिवा वळवला, आत पाहिलं, सुई हातात घेतली आणि म्हणाली, "तुकडा जागेवर आहे, नशीब समजा. हलला असता तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं."

महागूने शाल खांद्यावर सारखी केली आणि पुढे झाला.

"लागन तं सांगा म्याडम," तो म्हणाला. "मी हावोच."